एका कोर्टाचा क्लब

इंग्लंडमध्ये तुम्ही बॅडमिंटन कुठे खेळता, असं पुण्यात कोणी विचारलं आणि मी ‘चर्चमध्ये’ असं सांगितलं, की विचारणारा जरा चमकतो. देवाच्या दारात रॅकेट घेऊन कसे जाता, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. म्हणून आधी खुलासा करतो. प्रार्थना होते ते चर्च वेगळं आणि त्याच्या शेजारी, बहुधा त्याच आवारात, असतो तो चर्चचा हॉल वेगळा. रविवारी तिथे मुलांची शाळा भरते. सोमवारी स्काउटची मुलं येतात, बुधवारी नाटकाची तालीम, शनिवारी जुन्या कपड्यांची आणि पुस्तकांची विक्री. कधी लग्नाचं जेवण, कधी मयतानंतरचा चहा. आपल्याकडचं मंगल कार्यालय, वाचनालयाचं सभागृह आणि मंडळाची खोली या तिन्हींचं काम एकच इमारत करते. आणि आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी तिथे खुर्च्या भिंतीला लावतात, जाळी बांधतात आणि बॅडमिंटन सुरू होतं.

मी १९८७ साली नोकरीसाठी इंग्लंडच्या मध्यभागातल्या एका मध्यम आकाराच्या गावात गेलो. त्यानंतर बावीस वर्षं अशाच एका हॉलमध्ये खेळलो आणि २००९ पासून त्याच क्लबबरोबर नगरपालिकेच्या आधुनिक क्रीडासंकुलात खेळतो आहे. त्यामुळे या दोन जागांपैकी चांगली कोणती, असा प्रश्न मला दोन्ही देशांत विचारला जातो. त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण त्या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. खेळ कुठे चांगला होतो, हा एक. आणि क्लब कुठे चांगला होतो, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत.

उसनं घर

बॅडमिंटनला स्वतःचं घर मिळायला फार वेळ लागला, ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात घेतली पाहिजे. टेनिसला हिरवळ होती, क्रिकेटला मैदान होतं. बॅडमिंटन मात्र जन्मापासून दुसऱ्याच्या घरात वाढलेलं पोर. त्याचं नाव ग्लॉस्टरशायरमधल्या ड्यूक ऑफ बोफर्ट यांच्या ‘बॅडमिंटन हाउस’ या वाड्यावरून पडलं. पण त्या आधी आणि त्या सुमारास, म्हणजे १८६०-७०च्या दशकांत, हा खेळ हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी खेळत होते. आपल्या पुण्याच्या लष्करी छावणीत तर तो इतका रुजला, की त्याला ‘पूना’ असंच नाव होतं आणि त्याच्या सुरुवातीच्या नियमांवर पुण्याचा ठसा होता. माझ्या क्लबातल्या इंग्रज मंडळींना हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच महिन्यात मी ते सांगितलं आणि नंतर कित्येक वर्षं माझा एखादा फटका जाळीत गेला, की कोणीतरी म्हणे, ‘अरे, तुमच्याच गावचा ना हा खेळ?’

हे अधिकारी निवृत्त होऊन मायदेशी गेले, ते बहुतेक समुद्रकाठच्या गावांत राहिले. १८९३ साली दक्षिण किनाऱ्यावरच्या साउथसी इथे चौदा क्लबांनी एकत्र येऊन बॅडमिंटनची संघटना काढली आणि नियम एकसारखे केले. त्या वेळचं कोर्ट आजच्यासारखं आयताकृती नव्हतं. दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये जाळीपाशी अरुंद, वाळूच्या घड्याळासारखं. ज्या खोलीत खेळ चाले तिची दारं जाळीजवळ आत उघडत, म्हणून कोर्ट तिथे चिमटीत धरल्यासारखं केलं, असं सांगतात. कोर्टाचा आकार सरळ झाला तो १९०१ साली. पण यातून एक गोष्ट कळते. इमारत खेळासाठी बांधलेली नव्हती, खेळच इमारतीच्या मापाने बेतलेला होता.

१८९९ साली लंडनमध्ये पहिली ‘ऑल इंग्लंड’ स्पर्धा भरली तीसुद्धा उसन्याच जागेत. स्वयंसेवक सैनिकांच्या कवायतीचा तो हॉल होता. आणखी एक गंमत म्हणजे त्या पहिल्या स्पर्धेत एकेरीचे सामने नव्हतेच. पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी, एवढंच. एकेरी आली पुढच्या वर्षी. स्त्री-पुरुषांनी एकत्र खेळायचा खेळ, हे बॅडमिंटनचं रूप असं अगदी आरंभापासून आहे आणि चर्चच्या हॉलशी त्याची गाठ पडली ती बऱ्याच अंशी त्यामुळेच. व्हिक्टोरिया राणीच्या काळात आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येक चर्चने आपला हॉल बांधला होता. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तरुणांनी दारूच्या गुत्त्यात जाण्यापेक्षा आपल्या डोळ्यांसमोर, उजेडात काहीतरी चांगलं करावं, असं पाद्रीबुवांना वाटे. मुलामुलींनी एकत्र खेळावं पण मध्ये जाळी असावी, यापेक्षा सोयीचा खेळ त्यांना कुठला मिळणार? कोर्ट लागतं चव्वेचाळीस फूट लांब आणि वीस फूट रुंद. सामान्य हॉलमध्ये ते जेमतेम बसतं. मग गावोगाव चर्चचे क्लब झाले, त्यांचे आपापसांत सामने होऊ लागले, त्यातून चर्चच्या संघांच्या साखळी स्पर्धा उभ्या राहिल्या.

हे केवळ इंग्लंडात घडलं असं नाही. आपले प्रकाश पदुकोण १९८० साली वेम्बलीला ऑल इंग्लंड जिंकले, हे सर्वांना माहीत आहे. ते खेळायला शिकले कुठे? बंगळूरला मल्लेश्वरममध्ये कॅनरा युनियनच्या हॉलमध्ये. तो लग्नाचा हॉल होता. आज कार्य आहे की नाही हे पाहायचं, आणि नसेल तर खेळायचं, अशी त्यांची पद्धत त्यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे. उसन्या घरात वाढलेला खेळ जगज्जेता घडवू शकतो, याला यापेक्षा मोठा दाखला नको.

छताखालचा खेळ

आता प्रत्यक्ष खेळाकडे येऊ. आमचा हॉल विटांचा, उतरत्या छपराचा. एका टोकाला रंगमंच, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराची खिडकी. बाजूच्या रेषेपासून भिंत दीड-दोन फुटांवर. मागच्या रेषेच्या मागे रंगमंचाची कड, तिच्यावर आम्ही जुनी गादी टांगलेली. आणि वर लाकडी तुळया. सर्वांत खालची तुळई बरोबर जाळीच्या वर.

अशा जागेत शटल उंच उडवायचं म्हटलं, की ते तुळईला लागलंच म्हणून समजा. मग काय करायचं? बॅडमिंटनच्या नियमाप्रमाणे शटल छताला किंवा भिंतीला लागलं, तर तो दोष धरतात आणि गुण प्रतिपक्षाला जातो. पण त्याच नियमाला एक छोटी पुस्ती जोडलेली आहे. इमारतीच्या रचनेमुळे गरज असेल, तर अडथळ्याला शटल लागल्यावर काय करायचं, याचे पोटनियम स्थानिक संघटना करू शकते. मात्र त्यावर राष्ट्रीय संघटनेचा नकाराधिकार राहतो. मला ही पुस्ती फार आवडते. जगभर एकच असलेल्या नियमपुस्तकात कुठल्यातरी गावातल्या कुठल्यातरी हॉलच्या तुळईची दखल घेतलेली आहे. आमच्याकडे तुळईला शटल लागलं, की ‘लेट’, म्हणजे तो गुण पुन्हा खेळायचा. शेजारच्या गावात तोच दोष. त्यामुळे पाहुणा संघ आला, की सामन्याआधी यजमान कप्तान त्यांना हॉलभर फिरवून दाखवी. ही तुळई लेट, तो दिवा दोष, पडद्याची दांडी लेट, गरम पाण्याचा नळ दोष. आपल्याकडे गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ‘जोशींच्या गच्चीवर गेला तर आउट’ असं आधीच ठरवतात, तसंच हे.

छत ठेंगणं असल्यामुळे खेळाचीही एक वेगळी जात तयार झाली. उंच टॉस मारून प्रतिस्पर्ध्याला मागे रेटायची सोय नाही. म्हणून सगळा खेळ जाळीच्या उंचीवर, सपाट आणि वेगवान. छातीसमोर रॅकेट धरून मारायचे ड्राइव्ह, जाळीजवळचे हलके स्पर्श, कमी उंचीची सर्व्हिस. अंगात ताकद असण्यापेक्षा मनगटात चलाखी असावी लागे. सत्तरीचे आजोबा आणि वीस वर्षांचा मुलगा एकमेकांसमोर बरोबरीने उभे राहू शकत, कारण जिथे उडी मारून स्मॅश करायला जागाच नाही, तिथे तरुणाचं अर्धं भांडवल निकामी होतं. आमच्या क्लबातल्या निवृत्त शिक्षिका एक पाऊलही न हलता मला नाचवत. त्यांना त्या हॉलची प्रत्येक फट माहीत होती.

मग थंडी. चर्चचा हॉल तापवणं महाग, म्हणून तो तापवायचाच नाही, ही तिथली रीत. जानेवारीत पहिले दोन डाव आम्ही लोकरीचा स्वेटर घालून खेळत असू. थंडीचा परिणाम शटलवरही होतो. पिसांचं शटल म्हणजे सोळा पिसं आणि बुचाचं टोक, वजन पाच ग्रॅमच्या आसपास. थंड हवा दाट असते, तिच्यात शटल लवकर अडतं आणि आखूड पडतं. गरम हवेत ते लांब जातं. म्हणून शटलच्या नळ्यांवर ७६, ७७, ७८ असे अंक असतात. अंक जितका मोठा तितकं शटल वेगवान. आमच्या हॉलमध्ये हिवाळ्यात ७८ लागे. उन्हाळ्यात पुण्याला येऊन त्याच शटलने खेळलो, तर ते थेट मागच्या रेषेबाहेर जाई.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र फार चांगली होती. खालची जमीन. पूर्वीच्या लोकांनी हे हॉल नाचासाठीही बांधले होते. लाकडी फळ्या खाली आडव्या वाशांवर बसवलेल्या असत, त्यामुळे पायाखाली जराशी लवचीक. शनिवारी नाच झाला असेल तर मेण लावलेलं असे आणि मंगळवारी आमचे पाय घसरत. त्यासाठी कोपऱ्यात ओलं फडकं ठेवलेलं असे. त्यावर बुटाचे तळवे पुसायचे आणि खेळायला उभं राहायचं. पण गुडघे दुखत नसत.

बाकावरची माणसं

आता क्लबविषयी. हॉलमध्ये कोर्ट एकच. क्लबच्या रात्री माणसं येणार चौदा-पंधरा. म्हणजे चौघं खेळतात आणि दहा-अकरा जणं भिंतीशी बाकावर बसतात. खेळायला आलेल्या माणसाने दोन तृतीयांश वेळ बसून राहायचं, हे आजच्या हिशोबाने किती तोट्याचं! पण माझ्या मते क्लब नावाची गोष्ट घडत होती ती त्या बाकावर.

खेळाडू निवडायची एक साधी पद्धत होती. भोकं पाडलेली लाकडी फळी आणि प्रत्येकाच्या नावाची खुंटी. आल्याबरोबर आपली खुंटी रांगेत लावायची. ज्याची खुंटी पहिली, त्याने पुढच्या काही नावांतून आणखी तिघं निवडायची आणि चौघांचा डाव जुळवायचा. निवडताना डाव बरोबरीचा व्हावा ही जबाबदारी त्याची. सारखे आपलेच मित्र घेतले, किंवा नवख्याला टाळलं, तर कोणी बोलत नसे, पण बाकावर ते सर्वांना दिसे. या फळीने मला जितकं शिकवलं तितकं इंग्रजी शिष्टाचाराच्या पुस्तकाने शिकवलं नसतं. परक्या देशात नव्याने आलेल्या माणसाला सर्वांत अवघड जातं ते दार ठोठावणं. इथे दार ठोठवावं लागत नव्हतं. खुंटी लावली, की पाळी आपोआप येत होती. बँकेचा व्यवस्थापक, बस चालवणारा, दातांचा डॉक्टर आणि मी, यांना एका डावात बसवायचं काम ती फळी करी.

साडेआठला चहा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कप यायचे, पत्र्याच्या डब्यात बिस्किटं. कोणाची पाळी आहे ते वहीत लिहिलेलं. साखळी सामना असेल तर पाहुण्या संघाला सँडविच आणि केक द्यायचा, हा यजमानांचा धर्म. हरून आलेला संघ चहा चांगला होता एवढं तरी म्हणत परते. दाराची किल्ली क्लबकडे. आधी येणाऱ्याने दिवे लावायचे, जाळी बांधायची, जमीन पुसायची. शेवटी जाणाऱ्याने खुर्च्या परत मांडायच्या, कारण सकाळी तिथे आजीआजोबांचा मेळा भरायचा असे. वर्गणी थोडी, हॉलचं भाडं थोडं, आणि वर्षातून एकदा आम्ही सगळे मिळून त्या हॉलच्या खिडक्यांना रंग देत असू. मी ख्रिस्ती नाही, हे कोणी विचारलं नाही आणि मीही रविवारी कधी प्रार्थनेला गेलो नाही. पण हॉलचं छत गळतं म्हणून निधी जमवायचा झाला, तेव्हा मीही दारोदार हिंडलो.

संकुलाचं दान

इतकं ऐकून मी जुन्याचा भक्त आहे असं तुम्हाला वाटलं असेल, तर जरा थांबा. आता संकुलाची बाजू सांगतो, कारण ती भक्कम आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये लोकांना रिकामा वेळ मिळू लागला, पण खेळायला जागा नव्हत्या. १९६० साली वुल्फेंडन समितीने खेळ आणि समाज या विषयावर अहवाल दिला आणि सरकारी पैसा खेळाकडे वळवावा, असा आग्रह धरला. १९६४ साली लंडनला क्रिस्टल पॅलेस इथे राष्ट्रीय क्रीडाकेंद्र उघडलं. १९७४ साली इंग्लंड-वेल्समधल्या स्थानिक संस्थांची फेररचना झाली, त्या सुमारास गावोगावच्या नगरपालिकांनी क्रीडासंकुलं बांधली. आणि इथे बॅडमिंटनचं नशीब फळफळलं. हॉल केवढा बांधायचा हे मोजायला माप हवं होतं. ते माप ठरलं बॅडमिंटनचं कोर्ट! आजही तिथे हॉलचा आकार चार कोर्टांचा, सहा कोर्टांचा असाच सांगतात, मग आत बास्केटबॉल चालो की फुटबॉल. ज्या खेळाला शंभर वर्षं उसन्या खोलीत बसवलं, त्याच्याच मापाने नव्या इमारती उभ्या राहिल्या.

क्लबच्या खेळासाठी छत साधारण साडेसात मीटर उंच असावं, असा तिथला दंडक आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांना नऊ मीटर किंवा त्याहून जास्त लागतं. एवढी उंची मिळाली, की खेळ उलगडतो. शटल आकाशात उडवता येतं, मागच्या रेषेवर टाकता येतं, वरून खाली स्मॅश करता येतो. कोर्टाचा पुढचा भाग आणि मागचा भाग यांतलं खरं नातं तिथेच कळतं. हॉलमध्ये वीस वर्षं खेळलेला माणूस पहिल्यांदा संकुलात आला, की त्याला धाप लागते, कारण त्याला आता सगळं कोर्ट धावावं लागतं. लहान मुलांना खेळ शिकवायचा असेल तर तो इथेच. तुळईखाली शिकलेल्या मुलाचा हात वर जातच नाही.

सुरक्षिततेचंही तसंच. भिंत लांब असल्याने मनगटं मोडत नाहीत. दाराला पायऱ्या नसून उतार असतो. चाकांच्या खुर्चीतून खेळणाऱ्यांना चर्चच्या हॉलमध्ये पाऊलच टाकता येत नव्हतं. २०२१ साली झालेल्या टोकियो पॅरालिंपिकमध्ये पॅरा-बॅडमिंटनचा पहिल्यांदा समावेश झाला. ते खेळाडू अशाच मोठ्या, सपाट, उजेडाच्या जागांतून घडले. कपडे बदलायची खोली, गरम पाणी, गाड्या लावायला जागा या गोष्टी तर आहेतच.

उणिवाही आहेत. एकाच जमिनीवर बास्केटबॉल, नेटबॉल, फुटबॉल यांच्या लाल-निळ्या-पिवळ्या रेषा असतात आणि आपली रेषा कोणती हे नवख्याला शोधावं लागतं. दिवे कोर्टाच्या थेट वर बसवले असतील, तर उंच शटलकडे पाहताना डोळे दिपतात. बॅडमिंटनसाठी जाणीवपूर्वक बांधलेल्या हॉलमध्ये ते बाजूला असतात. हवा खेळती ठेवणारी यंत्रं चालू असली, की शटल भरकटतं. पण चहूबाजूंनी विचार केला, तर खेळ म्हणून बॅडमिंटन संकुलात जास्त चांगलं होतं. याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

हिशोब

२००९ साली आमच्यावर प्रसंग आला. चर्चला येणारी माणसं कमी झाली होती, छताची दुरुस्ती परवडेना. हॉल विकायचा ठरलं. तिथे घरं होणार होती. क्लबची सभा भरली. एक गट म्हणाला, दुसऱ्या चर्चचा हॉल शोधू. दुसरा गट म्हणाला, संकुलात जाऊ. एका तरुण वडिलांनी सरळ सांगितलं, ‘गेल्या पाच वर्षांत या क्लबात चाळिशीच्या आतलं एकही माणूस नव्याने आलेलं नाही. इथेच राहिलो तर आपल्याबरोबर क्लबही म्हातारा होऊन संपेल.’ त्यावर त्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, ‘खरं आहे. पण तिथे मी दोन डाव खेळून उरलेला वेळ कुठे बसू?’

दोघांचंही बरोबर होतं. मतदान झालं आणि आम्ही संकुलात गेलो. पहिल्या वर्षातच वडिलांचं म्हणणं खरं ठरलं. शाळेतली मुलं आली, विद्यापीठातले चिनी आणि मलेशियन विद्यार्थी आले, खेळाचा दर्जा वाढला. आणि शिक्षिकांचं म्हणणंही खरं ठरलं. भाडं तासावर, तेही जुन्याच्या तिपटीहून जास्त. चार कोर्टं दोन तास घेतली, की सोळा जणं एकदम खेळतात, बसायला कोणी उरत नाही आणि बसायला बाकही नाही. हॉलमध्ये खाण्यापिण्याला मनाई. वेळ संपली की पुढचे लोक दारात उभे. माणसं येत, खेळत, घाम पुसत आणि निघून जात. दोन वर्षांत आमच्यातली सात-आठ वयस्क मंडळी यायची बंद झाली. ती रागावली नव्हती. दोन तास सलग खेळणं त्यांना झेपत नव्हतं आणि न खेळता तिथे राहायला जागा नव्हती. त्यांतल्या काहींना आठवड्यातून तेवढ्याच एका संध्याकाळी माणसं भेटत.

हा तोटा कुठल्याच वहीत दिसत नाही. संकुलाच्या नोंदीत चारही कोर्टं भरलेली, म्हणजे उत्तम. नगरपालिकेचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तिने खेळाची जागा द्यायची कबुली दिली होती आणि ती चोख पाळली. भेटायची जागा द्यायचं तिने कधी कबूल केलेलं नव्हतं. ती चर्चच्या हॉलने न मागता दिली होती, कोर्ट एकच होतं म्हणून.

मग आम्ही काही उपाय केले. चारऐवजी तीनच कोर्टं घ्यायची ठरवली, म्हणजे चार-पाच जणं नेहमी बाहेर राहतील. जुनी खुंट्यांची फळी आणून भिंतीला टेकवली. संकुलाच्या व्यवस्थापकांशी बोलून बाहेरच्या ओसरीत दोन टेबलं मिळवली आणि खेळानंतर तिथे थर्मासमधला चहा सुरू केला. ज्यांना खेळवत नाही त्यांनी गुण मोजायचे, मुलांना सर्व्हिस शिकवायची. यातून गेलेल्यांपैकी तिघं परत आली. बाकीची नाही आली. मार्च २०२० मध्ये करोनामुळे दोन्हीकडची दारं बंद झाली. २०२२ साली गॅसचे आणि विजेचे दर भडकले, तेव्हा हॉल काय आणि संकुल काय, दोघांचेही हिशोब कोलमडायला आले. त्या काळात आमचा क्लब टिकला तो चार कोर्टांमुळे नव्हे. एकमेकांना फोन करणारी माणसं त्यात होती, म्हणून टिकला.

आता आपल्याकडचं पाहा. दर हिवाळ्यात मी पुण्याला येतो. पत्र्याच्या उंच छपराखाली, हिरव्या सिंथेटिक गाद्या घातलेली बॅडमिंटन कोर्टं उपनगरांत जागोजागी झाली आहेत. मोबाइलवरून तास राखून ठेवायचा, चौघांनी जायचं, खेळायचं आणि निघायचं. मुलांचा खेळ किती सुधारला आहे, हे पाहून बरं वाटतं. सायना नेहवाल, सिंधू यांच्यानंतर आलेली ही लाट आहे आणि तिला अशाच जागा हव्यात. पण या जागांत तुम्ही आपल्याबरोबर नेलेल्या तिघांशिवाय चौथ्याची ओळख होत नाही. जिमखान्याच्या ओट्यावर पाळीची वाट पाहत बसलेली मंडळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते समजेल.

तेव्हा माझं सांगणं एवढंच आहे. जुने हॉल परत आणा, असं मी म्हणत नाही. ठेंगण्या छताखाली मुलांना कोंडू नये. पण तुमच्या सोसायटीत, शाळेत किंवा प्रभागात नवा बॅडमिंटन हॉल बांधायचा घाट घातला जाईल, तेव्हा सभेत दोन प्रश्न विचारा. छत किती उंच आहे, हा पहिला. तो बहुतेक कोणीतरी विचारतोच. दुसरा सहसा कोणी विचारत नाही. ज्याची पाळी अजून आलेली नाही, त्याने बसायचं कुठे? नकाशात त्या बाकासाठी सहा फूट जागा आणि चहासाठी एक खिडकी ठेवली, तर खर्च फारसा वाढत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)